बुवांचा राहिलेला उत्तररंग

दिगंबरबुवा सोवनींना जाऊन वर्षं लोटली होती, पण त्यांचा गळा अजून जिवंत होता. मिरजेतच होता. कृष्णाघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक संशोधन केंद्र आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, कपाटाएवढ्या उबपेटीत, नखाएवढ्या तबकडीवर तो नांदत होता. आणि दर गुरुवारी दत्ताचं दर्शन झालं की वैजयंतीकाकू त्याला भेटायला जात.

यात चमत्कार काही नव्हता. बुवांचे टॉन्सिल सारखे सुजायचे. ऐन चातुर्मासात कीर्तनं लागलेली आणि आवाज बसलेला, असं दोनतीनदा झाल्यावर डॉक्टरांनी ते काढून टाकायचं ठरवलं. तेव्हा रेहाना सतारमेकर नावाची एक तरुण संशोधिका बुवांच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बुवा, काढलेला भाग टाकूनच देतात. तो आम्हाला द्याल का? लशी तपासायला हवाय."

बुवांनी तिचं आडनाव ऐकलं आणि बोलायला बंदी असतानाही बोलले. "सतारमेकर? अगं, तुझ्या आजोबांनी माझा तंबोरा बोलता केला. तू आता गळाही घेऊन जा. फक्त एक कर. शेवटचा घास उचलायच्या आधी हिला विचार." हिला म्हणजे काकूंना. सगळे हसले. रेहानाही हसली, पण संमतीपत्रावर तिनं ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं: शेवटची कुपी पत्नीला विचारल्याशिवाय उघडायची नाही.

टॉन्सिल म्हणजे गळ्याची वेस. आत येणाऱ्या प्रत्येक जंतूची तिथं चौकशी होते. त्या वेशीवरच्या पेशी बारीक बारीक कुप्यांमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. एक कुपी वितळवून तबकडीवर पेरली, की काही दिवसांत गळ्याच्या अस्तरासारखा पडदा तयार होई. वरच्या अंगाला धूळ लोटणारे सूक्ष्म केस, खालच्या अंगाला पहारेकरी पेशी. नव्या करोना-लशीची भुकटी त्यावर फुंकायची. पहारेकऱ्यांनी त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर घडवली, तर लस कामाची. पण पडदाच सुजला, केस थिजले, तर लस कितीही कामाची असो, माणसाच्या नाकाशी न्यायची नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरं माणसाला धोक्यात न घालता मिळत. हा पडदा काही महिने जगे. मग म्हातारा होई. मग दुसरी कुपी.

केंद्रात असे पुष्कळ जणांचे गळे होते. पण बुवांचा गळा रागीट. हजारांत एखादाच तसा असतो. मागे एक लस बाकी सगळ्या पडद्यांना मानवली होती, बुवांचा पडदा मात्र दुसऱ्या दिवशी टच्च सुजला. तशा प्रकृतीच्या माणसांचा त्या लशीनं घसाच मिटला असता. लस दुरुस्त करून मगच पुढं गेली.

"काकू, बुवा म्हणजे आमच्या सासूबाई आहेत," रेहाना म्हणायची. "त्यांच्या पसंतीला उतरली, की ती लस कुठल्याही घरात नांदते."

"त्यांना सासूबाई म्हणालीस हे त्यांना कळलं असतं ना, तर नऊवारी नेसून तुझ्यापुढं उभे राहिले असते," काकू म्हणायच्या.

मग रेहाना मोठ्या स्क्रीनवर तबकडीचं चित्र लावायची. ज्वारीच्या शेतावरून वारा जावा तसे ते केस हलत. एक लाट गेली की दुसरी. काकूंची बोटं आपोआप मांडीवर पडायला लागत. बुवांच्या मागं उभं राहून त्यांनी जन्मभर झांज धरली होती. बुवा चालीला हात घालत त्याच्या आधीच त्यांच्या खांद्याच्या हालचालीवरून काकूंना लय कळे.

"धुमाळी आहे गं."

"काकू, ते केस आहेत."

"असू देत. धुमाळीच आहे."

*

काकूंची एक हुरहुर होती, आणि ती कुणाला सांगून समजण्यासारखी नव्हती.

बुवांचं शेवटचं कीर्तन घाटावरच्या दत्तमंदिरात झालं. झालं म्हणजे, अर्धं झालं. नारदीय कीर्तनाची रीत अशी, की आधी पूर्वरंग. एखादं तत्त्व घ्यायचं, ते उलगडायचं. मग मध्यंतरात नामाचा गजर, बुवांना हार, कपाळी बुक्का. आणि मग उत्तररंग, म्हणजे त्या तत्त्वाला माणसाचं तोंड देणारं आख्यान. नुसता पूर्वरंग सांगून थांबणं म्हणजे पानं मांडून, रांगोळी काढून, वाढायचं राहून जाणं.

त्या दिवशी बुवांनी पूर्वरंगात एकच प्रश्न लावून धरला होता. हा देह कुणाचा? जिनं जन्म दिला तिचा? ज्यानं अन्न घातलं त्याचा? शेवटी जाळणाऱ्या अग्नीचा? श्रोत्यांना या दारातून त्या दारात फिरवून आणलं आणि म्हणाले, "उत्तर आख्यानात." गजर झाला. गळ्यात हार पडला. बुक्क्याचं तबक पुढं आलं, आणि बुवांना खोकल्याची अशी ढास लागली, की तबक तसंच मागं गेलं. बुवा खाली बसले. ते पुन्हा कीर्तनाच्या गादीवर उभे राहिलेच नाहीत.

विषाणूचा नवा उपप्रकार आला होता. जुन्या लशींना तो दाद देत नव्हता, आणि नवी यायला अजून अवकाश होता. विलगीकरणातून त्यांनी फोन केला.

"वैजू, आख्यान राहिलं गं."

"कुठलं लावणार होतात?"

"उभा राहिलो की कळेल." हसले. खोकले. तेवढंच.

तेव्हापासून काकू मनात आख्यानं लावून बघत होत्या. हरिश्चंद्र? शिबी राजा? दधीची? की बुवांना प्रिय असलेलं सुदाम्याचं? स्वयंपाक करताना एखादं आख्यान मनात उभं राही, दोन पदं पुढं जाई, आणि मग लक्षात येई, की पुढची साखी बुवांच्या आवाजातच ऐकायची आहे. आपल्याला ती नुसती येऊन उपयोग नाही.

*

घात झाला तो दत्तजयंतीला.

काकू देवळातून थेट केंद्रात आल्या. बोटाला बुक्का होता, पदराच्या गाठीला चिमटीभर आणखी होता. रेहानानं चित्र लावून दिलं, हातमोजे बदलायला ती शेजारच्या खोलीत गेली, आणि काकू उबपेटीसमोर एकट्या राहिल्या. काचेआड ती तबकडी. केस लाटांवर लाटा घेत होते. काकूंना वाटलं, यांच्या गळ्यात हार पडला होता, पण कपाळाला बुक्का लागला नव्हता. मध्यंतर अपुरं राहिलं, म्हणून तर उत्तररंग अडून बसला नसेल? पेटीचं दार कसं उघडतात हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्यांनी ते उघडलं आणि आतल्या फळीला एक बोट लावलं. एकच बोट. नमस्कार केला. दार लावलं.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या तेव्हा रेहाना दारातच उभी होती. डोळे सुजलेले.

"काकू, तुम्ही पेटी उघडली होतीत?"

"बुक्का लावला गं. हार झाला होता, बुक्का राहिला होता."

रेहाना भिंतीला टेकली. तिला काकूंवर ओरडायचं होतं, ते चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. पण ओरडली ती स्वतःवरच. "मी एकटं सोडायलाच नको होतं! तुम्हाला नाही, मलाच अक्कल नाही!" मग तिनं चित्र दाखवलं. शेताचा मागमूस नव्हता. काळपट हिरवी लव सगळीकडं चढली होती. बुक्क्यातून बुरशीचे कण आले होते, पेटीतल्या उबेत ते फोफावले होते. पेरलेला एकूण एक पडदा गेला होता.

"मी मारलं त्यांना?" काकूंनी विचारलं.

"तसं नका म्हणू. एक कुपी आहे अजून. शेवटची."

काकूंनी डोळे पुसले. "मग ती जपून ठेव. उघडू नकोस. नुसती असू दे."

द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे दोनशे अंशांच्या आसपासच्या थंडीत, ती कुपी तशी कितीही वर्षं राहिली असती. आता बघायला काही नव्हतं. तरी काकू गुरुवारी जात, टाकीपाशी स्टुलावर बसत. टाकीच्या झाकणाशी पांढरी वाफ रेंगाळे. रेहाना चहा आणून देई.

*

पावसाळा सरता सरता पुन्हा बातम्या सुरू झाल्या. नवा उपप्रकार. आधी परदेशात, मग बंदरांच्या गावांत, मग सांगलीत. देवळानं कीर्तनं थांबवली.

एके दिवशी सकाळी रेहाना घरी आली. तोंडावर पट्टी, हातात काही नाही. ओसरीवर दत्तूअण्णा बसले होते. बुवांचे तबलजी. तीस वर्षं साथ केलेली, आता उजव्या हाताला कंप. रोज सकाळी काकूंच्या हातचा चहा प्यायला यायचे आणि त्याला नावं ठेवायचे.

"ये गं पोरी. बस. वहिनींनी आज चहात साखर टाकलीया, नशीब काढलंस."

रेहाना बसली नाही. "काकू, लस तयार आहे. नाकात ओढायची भुकटी. बाकीच्या सगळ्या गळ्यांवर तपासली. प्रतिपिंडं उत्तम येतात, आणि नाकातच येतात, म्हणजे आजार माणसाकडून माणसाकडे जायचाच थांबेल. फक्त रागीट गळ्यावर तपासायची राहिलीय."

काकूंना पुढचं कळलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"दुसरा कुणाचा तसा गळा नाही?"

"दिल्लीत एक होता, तो संपला. नवा दाता शोधतोय. सापडेल, पण हिवाळा जाईल."

"मग तशीच द्या की. हजारांत एखादाच म्हणतेस ना?"

"नाही द्यायची." रेहानाचा आवाज चढला. "काही जण म्हणतायत, देऊन टाका. मी नाही म्हणून सांगितलंय. तो हजारांतला एखादा कुणाच्या तरी घरातला असेल, काकू. आणि एकाचा गळा मिटला, तर बाकीचे नऊशे नव्याण्णव दार लावून बसतील. मग लस किती का चांगली असेना."

"आणि कुपी उघडली की?"

रेहानानं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "आधी लस, मग विषाणू. पडदा तगला तरी शेवटी तो विरघळवून आत काही इजा लपलीय का ते बघावं लागतं. त्यातून काही उरत नाही."

काकूंनी कप उचलून आत नेऊन ठेवला आणि परत आल्या.

"नाही," काकू म्हणाल्या. "एकदा पोचवलं, तेही लांबून. एकदा माझ्या हातून गेले. आता पुन्हा नाही. अजून त्यांचं आख्यान राहिलंय गं. तुला नाही कळायचं."

रेहानानं मान हलवली. पायरी उतरताना वळून म्हणाली, "मी पुन्हा विचारायला येणार नाही, काकू. बुवांनी तुम्हाला विचारायला सांगितलं होतं, म्हणून विचारलं. नाही म्हणायचा हक्कही त्यातच आला."

ती रागावून गेली असती तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं.

*

दत्तूअण्णा दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू त्यांना शोधत घाटावर गेल्या. रिकाम्या सभामंडपात अण्णा तबल्याची शाई निरखत बसले होते. वाजवत नव्हते.

"रागावलात का अण्णा?"

"छे. रागवायला काय झालं. सुनेला ताप आलाय, म्हणून लांब राहिलो." जरा थांबून म्हणाले, "वहिनी, परवा त्या पोरीला काय म्हणालात? आख्यान राहिलंय?"

"बुवांनी कुठलं लावायचं ठरवलं होतं ते कळलंच नाही ना. तुम्हाला बोलले होते का हो?"

अण्णा आधी काकूंकडं बघत राहिले, आणि मग हसायलाच लागले. "काय वहिनी! संसार तुम्ही केलात, की मी? बुवांनी कधी आख्यान ठरवून आणलंय? आम्ही साथीदार कावायचो नुसते. पूर्वरंग पाठ करून यायचे, पण पुढचं? हार गळ्यात पडेपर्यंत त्यांचं त्यांनाच ठाऊक नसायचं!"

"म्हणजे?"

"तुम्ही मागं उभ्या. तुम्हाला त्यांची पाठ दिसायची. मी बाजूला, मला तोंड दिसायचं. हार घालून घेताना मान वाकवायचे ना? वाकवायचे, आणि पापणीखालनं समोर बघायचे. कोण बसलंय. एखादी रडून आलेली बाई दिसली, की चिलया बाळ गुंडाळून ठेवायचे आणि सुदामा लावायचे. शेतकरी कंटाळून बसलेत दिसलं, की हसवायचे. समोर जो बसलाय, त्याचं आख्यान. मला डोळ्यानं खूण करायचे, ताल कुठला ते." अण्णांनी तबल्यावर थाप मारली. कंपामुळं ती दोनदा वाजली. "तुम्ही एवढी वर्षं मागं बघत बसलाय. ते पुढं बघायचे."

काकू गादीसमोर उभ्या होत्या. नारदाची गादी. कुणी उभं असो नसो, तिच्यावर पाय न देता लोक वळसा घालून जात. त्यांनी मंडपाकडं पाहिलं. सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात लावल्या होत्या. समोर कुणी नव्हतं. घराघरांत दार लावून सगळे बसले होते. अण्णांची सून तापानं पडली होती.

हार तर केव्हाच पडला आहे, काकूंना वाटलं. बुवांनी मान वाकवली आहे. समोर कोण बसलंय ते त्यांना दिसतंय, अडवून धरलंय ते मी.

*

कुपी वितळवायच्या दिवशी काकू हातात स्टीलचा डबा घेऊन आल्या.

"काकू, बुक्का नाही ना?" रेहानानं दारातच अडवलं.

"नाही गं बाई. शपथ." डब्यात कापसाचं वस्त्र होतं. देवाला घालतात ते, पेळू वळून, मध्ये मध्ये गाठी देऊन केलेलं. फक्त हळदकुंकवाचं बोट लावलेलं नव्हतं. "कापूस तुमच्या त्या वाफेच्या कुकरात घालता येतो म्हणालीस ना एकदा?"

रेहानानं ते वस्त्र ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जंतुक केलं, आणि तबकडी पेटीत गेली तेव्हा चिमट्यानं दारावर आतून अडकवलं. तिथल्या नियमांत असं करायला बंदी नव्हती. कुणाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पडदा धरायला वेळ लागला. एका सकाळी केस हलले. म्हातारपणाची लाट होती, थोडी थांबत, थोडी अडखळत, पण होती. मग भुकटी फुंकली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी पडदा जरा फुगला आणि केस मंदावले. रेहाना नखं खात बसली. काकू काचेबाहेर उभ्या राहून हलक्या हातानं काचेपासून लांब, हवेतच ठेका धरत होत्या. चला. चला. हं. आणि तिसऱ्या दिवशी सूज उतरली. लाट पुन्हा चालू झाली. पहारेकऱ्यांनी प्रतिपिंडांचा असा काही सडा घातला, की रेहाना यंत्राचे आकडे तीनदा तपासून आली.

मग विषाणू सोडला. पडदा तगला.

"पसंत आहे सासूबाईंना," रेहाना म्हणाली आणि तिथंच खाली बसून रडली.

राहिलं होतं शेवटचं. त्याला काकू हजर राहिल्या. रेहानानं विचारलं, "चित्र बंद करू?" काकूंनी मान हलवली. नको. पडदा विरघळवणारा थेंब पडला. लाटा एकेक करून निवत गेल्या. शेत उभं राहिलं, वारा तेवढा गेला. काकूंची बोटं मांडीवर चालत होती, ती सम येईपर्यंत चालली आणि मग थांबली.

*

लशीला मंजुरी मिळाली, आणि लसीकरण दत्तमंदिराच्या सभामंडपात ठेवलं. जागा मोठी, हवा मोकळी. सतरंज्या पुन्हा अंथरल्या गेल्या. नाकात भुकटी ओढायची, आणि घशाला काही होत नाही ना हे पाहायला अर्धा तास तिथंच बसायचं. रागीट गळा कुणाचाही असू शकतो हे बुवांच्या गळ्यानं शिकवलं होतं, म्हणून तो अर्धा तास; पण बसलेल्यांपैकी कुणाला ते ठाऊक नव्हतं.

काकूंनी लस घेतली. नाकात जरासं झिणझिणलं. शिंक आली, दत्तूअण्णा म्हणाले, "सत्य." सून बरी होऊन शेजारी बसली होती. काकू खांबाला टेकून बसायला गेल्या, आणि सवयीनं त्यांची नजर आधी गादीकडं गेली, मग मंडपाकडं.

मंडप भरला होता. भाजीवाल्या, रिक्षावाले, दवाखान्यातल्या पोरी, एक बाई मांडीवर मूल घेऊन, एक म्हातारा पुनःपुन्हा घसा चाचपत, घाबरलेला. दाराशी रेहाना, पट्टीवरचे डोळे थकलेले. सगळे गादीकडं तोंड करून. अर्धा तास.

काकू उठल्या. कोनाड्यातली झांज घेतली. अण्णांनी पाहिलं आणि तबला पुढं ओढला. काकूंनी गादीला वाकून नमस्कार केला आणि त्या तिच्यावर उभ्या राहिल्या. जन्मात त्या पुढं उभ्या राहिल्या नव्हत्या.

"मंडळी," त्या म्हणाल्या, आणि आवाज फाटला. पुन्हा म्हणाल्या, "मंडळी, आमच्या बुवांनी याच जागेवर एकदा विचारलं होतं, की हा देह कुणाचा. उत्तर आख्यानात सांगतो म्हणाले आणि आख्यान राहिलं. तर, याच गावात एक रागीट गळ्याचा माणूस होता..."

म्हातारा घसा चाचपायचा थांबला.

अण्णांनी धुमाळी धरली. काकूंनी झांज वाजवली आणि सवयीप्रमाणं समेला जागा सोडली, बुवांच्या पहिल्या शब्दाची. ती जागा आली. ती मोकळीच राहिली. एक आवर्तन काकूंनी तशीच वाट पाहिली.

मग दुसऱ्या समेला त्यांनी मान वर करून समोर पाहिलं, आणि गायला लागल्या.